ऑटममध्ये गर्द रंग घालायचे कसे: कपाट उघडण्यापासून कपडे धुण्यापर्यंत सगळं

ऑटम आला की सगळीकडे तेच फोटो फिरायला लागतात, मरून स्वेटर, मस्टर्ड स्कार्फ, तपकिरी बूट, आणि बघणाऱ्याला वाटतं हे तर सोप्पंय, चार गडद कपडे घ्यायचे आणि घालायचे. घेतले जातात पण, आणि मग आरशासमोर उभं राहिलं की एकतर सगळं मिळून काळपट दिसतं नाहीतर डोळ्यात खुपेल इतकं भडक. माझं मत विचाराल तर रंग चुकलाय असं फार कमी वेळा असतं, गडबड असते ती कापडात आणि उजेडात. तोच वाइन रंग मखमलीत राजेशाही दिसतो आणि पातळ टी-शर्टच्या कापडात पहिल्या दिवसापासूनच विटलेला वाटतो. म्हणून इथे कुठला रंग कशाबरोबर घालायचा हे जरा उशिरा येईल, आधी त्याच्या मागचं बघू.

पायरी १: गर्द, गडद आणि भडक यातला फरक ओळखा

अल्बर्ट मन्सेल नावाच्या अमेरिकन चित्रकाराने १९०५ मध्ये रंग मोजायची एक पद्धत मांडली, ती अजून वापरात आहे आणि कपड्यांसाठी एकदम कामाची आहे. तो म्हणतो प्रत्येक रंगात तीन गोष्टी बघायच्या: रंग कोणता (लाल, हिरवा, निळा वगैरे), तो किती उजळ किंवा काळोखा आहे, आणि त्यात रंगाचा जोर किती आहे. लाल घ्या. त्यात पांढरा घातला की गुलाबी होतो, थोडा काळा घातला की मरून, आणि राखाडी घातला की मळकट विटकरी. आपल्याला हवा तो गर्द रंग म्हणजे उजळपणा कमी पण जोर शाबूत. उजळपणाही जास्त आणि जोरही जास्त असेल तर तो भडक, आणि उजळपणा इतका कमी झाला की रंगच ओळखू येईना तर तो नुसताच काळोखा.

घरी तपासायची सोपी रीत अशी की कपडा हँगरला लावून दिवसा खिडकीजवळ टांगा आणि आठ-दहा पावलं मागे जाऊन घरातल्या कोणालातरी विचारा हा कुठला रंग आहे. पटकन "वाइन" किंवा "बॉटल ग्रीन" असं उत्तर आलं तर मस्त. "काळा आहे ना?" असं आलं तर तो कपडा तुमच्या कपाटात काळ्याचंच काम करणार, मग त्याला काळा समजूनच वापरा, उगाच रंगीत म्हणून त्याच्या भोवती सगळं जमवत बसू नका.

आणि एक, ऑटमचे रंग म्हणजे फक्त पानांचे रंग असं काही नाही. पानांमधलं हरितद्रव्य तुटायला लागलं की खाली आधीपासूनच असलेले पिवळे-केशरी कॅरोटिनॉइड दिसायला लागतात, आणि लाल-जांभळे अँथोसायनिन बऱ्याच झाडांमध्ये त्याच दिवसांत नव्याने तयार होतात. त्यातून जे रस्ट, मस्टर्ड, विटकरी, ऑलिव्ह, तपकिरी मिळतात तो एक गट झाला. दुसरा गट रत्नांचा, पाचूचा हिरवा, माणकाचा लाल, नीलमचा निळा, गडद जांभळा, आणि त्यांच्याच शेजारी बसणारा मोरपंखी. आजूबाजूला सगळं तपकिरी-केशरी झालेलं असताना हा दुसरा गट जास्त उठून दिसतो, त्यामुळे पहिल्यांदाच गर्द रंग घेत असाल तर मी मस्टर्डच्या आधी मोरपंखी घ्या म्हणेन. लोक उलटं करतात, आणि मस्टर्ड हा खरं तर सगळ्यात नखरेल रंग आहे.

पायरी २: कपाट खाली करा, पण दिवसा

रात्री दिव्याखाली कपडे निवडायचे नाहीत. हा नियम वाचायला बारीक वाटतो पण अर्धं काम इथेच होतं. घरातले पिवळसर बल्ब साधारण २७०० केल्विनचे असतात आणि दिवसाचा उजेड ५५०० ते ६५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे बल्बखाली सगळ्यावर पिवळी झाक चढते आणि नेव्ही आणि काळा, गडद तपकिरी आणि मरून, चारकोल आणि गडद ऑलिव्ह या जोड्या एकमेकांत मिसळून जातात. सकाळी घाईत बल्बखाली काळी म्हणून घातलेली पँट बाहेर पडल्यावर नेव्ही निघते ती याच कारणाने.

तर दिवसा, खिडकीजवळ, सगळे गर्द रंगाचे कपडे एका पलंगावर काढा. कपड्याच्या प्रकाराप्रमाणे नाही, रंगाप्रमाणे ढीग करा, स्वेटर स्कार्फ पँट सगळं एकत्र. मग प्रत्येक ढिगाचा फोनवर फोटो काढा आणि त्याला ब्लॅक अँड व्हाइट फिल्टर लावा. याने रंग निघून जातो आणि फक्त उजळ-काळोखं उरतं. बहुतेकांच्या फोटोत सगळं एकाच राखाडी छटेचं दिसतं, म्हणजे कपाटात मरून आहे, बॉटल ग्रीन आहे, नेव्ही आहे, पण तिन्हींची खोली सारखीच आहे, आणि म्हणूनच ते एकत्र घातले की जड वाटतात. तुम्हाला कमी काय पडतंय ते इथे कळतं, आणि ते बहुतेक वेळा आणखी एक गडद कपडा नसतोच, क्रीम, कॅमल, फिका राखाडी असं काहीतरी उजळ असतं.

ज्यांचा रंग कोपरावर, कॉलरवर, शिवणीवर उडालाय ते वेगळे काढा. फिकट रंगात थोडं उडालेलं खपून जातं, गर्द रंगात नाही खपत.

पायरी ३: रंगाआधी कापड बघा

हा भाग लांब आहे कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा हाच आहे.

रंगाची खोली ठरते ती कापडावर पडलेल्या उजेडाचं पुढे काय होतं त्यावर. मखमलीत हजारो बारीक तंतू उभे असतात, उजेड त्यांच्यामध्ये शिरतो, इकडून तिकडे आपटतो आणि दर वेळी थोडा शोषला जातो, त्यामुळे परत येतो तेवढा उजेड पूर्ण रंगलेला असतो. म्हणून मखमलीचा हिरवा इतका खोल दिसतो. यात लव कुठल्या दिशेला आहे तेही बघा, हात वरून खाली फिरवल्यावर गुळगुळीत लागला तर रंग थोडा फिका आणि चमकदार दिसेल, खालून वर फिरवल्यावर गुळगुळीत लागला तर जास्त गर्द. घेताना हात फिरवून बघायला काही लागत नाही.

कॉर्डुरॉय हा त्याचाच साधा, रोज वापरता येणारा भाऊ. त्याच्या रेघा एका इंचात किती आहेत यावर त्याचा नंबर असतो, ८ म्हणजे जाड रेघा, १४-१६ म्हणजे बारीक. जाड रेघांमध्ये सावल्या जास्त पडतात म्हणून रंग जास्त खोल वाटतो पण अंगावर ते भरलेलंही दिसतं, तेव्हा पँटसाठी बारीक आणि जॅकेटसाठी जाड असं मला बरं वाटतं.

लोकर रंग फार छान पिते, आणि तिचा पृष्ठभाग मऊ, बिनचमकीचा असल्यामुळे भडक रंगसुद्धा लोकरीत जरा शांत होतो. एखादा रंग तुम्हाला आवडतो पण अंगावर घालायला भीती वाटते ना, तो लोकरीत घ्या. रेशमाचं वेगळं, त्याच्या तंतूचा छेद तिकोनी असतो त्यामुळे उजेड फाकतो आणि रंग हलल्यासारखा दिसतो, एकाच ब्लाउजमध्ये तीन-चार छटा. सॅटिनमध्ये चमक जास्त असल्यामुळे घडीच्या वरच्या भागावर रंग जवळजवळ पांढरा होतो आणि खोलगट भागात काळा, म्हणून पूर्ण सॅटिनचा मरून ड्रेस दिवसा सांभाळणं अवघड, पण लोकरीच्या कार्डिगनखाली सॅटिनचा मरून स्कर्ट एकदम जमतो.

सुती कापडात गर्द रंग सुरुवातीला चांगला असतो पण घासून घासून शिवणींवर पांढुरका होत जातो. डेनिममध्ये ते चालतं, किंबहुना तिथे तेच हवं असतं, साध्या टी-शर्टमध्ये नाही. लिननचं सूत जात्याच कमीजास्त जाडीचं, त्यामुळे त्यात गर्द रंग जरा धुरकट दिसतो, तो धुरकटपणा आवडत असेल तर घ्या. व्हिस्कोस रंग चांगला धरते आणि पडतेही छान. पॉलिएस्टरचा रंग धुण्याने सहज उतरत नाही हा त्याचा मोठा फायदा, अडचण फक्त चमकेची, तेव्हा बिनचमकीचं, थोडं जाड विणीचं बघा.

आणि लेदर-स्वेड. स्वेडमध्ये बारीक लव असल्यामुळे तपकिरी आणि वाइन त्यात जितके मुरलेले दिसतात तितके गुळगुळीत लेदरमध्ये दिसत नाहीत. फक्त पाण्यापासून सांभाळा.

पायरी ४: चेहऱ्याजवळ कोणता रंग ते ठरवा

मनगटाच्या शिरा हिरव्या की निळ्या बघा आणि त्यावरून तुमचा टोन ठरवा असं खूप ठिकाणी लिहिलेलं असतं. मला त्यावर फारसा भरवसा नाही कारण शिरा कशा दिसतात हे उजेडावरही अवलंबून असतं. त्यापेक्षा सरळ कापड धरून बघा. सकाळी, मेकअप नसताना, खिडकीकडे तोंड करून बसा, हनुवटीखाली एकेक गर्द कपडा धरा, आणि कपड्याकडे न बघता चेहऱ्याकडे बघा. डोळ्यांखालचं काळं वाढल्यासारखं वाटतंय का, ओठांचा रंग गेल्यासारखा वाटतोय का, की चेहरा ताजा दिसतोय. एका रंगाचे दोन प्रकार धरले तर फरक चटकन कळतो, म्हणजे केशरीकडे झुकणारा विटकरी लाल आणि जांभळ्याकडे झुकणारा वाइन, किंवा पिवळसर ऑलिव्ह आणि निळसर पाचू.

दुसरी गोष्ट म्हणजे तुमच्या केसांच्या, त्वचेच्या आणि डोळ्यांच्या रंगात अंतर किती आहे. अंतर जास्त असेल, जसं काळेभोर केस आणि गोरी त्वचा, तर गडद आणि एकदम फिकं एकत्र घातलेलं सहज पेलतं. सगळं एकमेकांच्या जवळ असेल तर तीव्र काळं-पांढरं करण्यापेक्षा एकाच खोलीचे दोन-तीन गर्द रंग जास्त शोभतात. सावळ्या आणि गडद त्वचेवर तर हे रंग जे काही खुलतात, मस्टर्ड, रॉयल ब्लू, पाचू, रस्ट, तिथे "गडद रंगावर गडद कपडे नको" वगैरे जुने सल्ले सरळ सोडून द्या.

एखादा रंग चेहऱ्याला मानवत नाही पण मनातून जात नाही, तर तो कंबरेच्या खाली न्या. पँट, स्कर्ट, बूट, बॅग. मस्टर्डचं बऱ्याच जणांच्या बाबतीत हेच करावं लागतं. किंवा मधे क्रीम रंगाची कॉलर किंवा स्कार्फ येऊ द्या, तेवढ्यानेही भागतं.

पायरी ५: एक रंग पुढे, बाकीचे मागे

आता जोड्या. एका वेळी एकच गर्द रंग मुख्य ठेवा, त्याला अंगावरचा सगळ्यात मोठा भाग द्या, दुसरा त्याच्या निम्म्याने, आणि तिसरा असलाच तर स्कार्फ किंवा बॅगेपुरता. तीन रंग सारख्या मापात आले की नजर कुठे ठेवायची ते कळत नाही.

मागे राहणारा रंग म्हणजे काळाच असं बहुतेक जण धरून चालतात. मी काळा शेवटी ठेवते. गर्द रंगाशेजारी काळा आला की त्या रंगाचीच खोली कमी वाटायला लागते, आणि संध्याकाळी तर दोन्ही एक होऊन जातात. नेव्ही, चॉकलेट ब्राऊन, चारकोल, कॅमल, क्रीम, यातलं काहीही आधी घालून बघा. पांढऱ्याशुभ्रपेक्षा ऑफव्हाइट बरा कारण शुभ्र पांढरा गर्द रंगाशेजारी फार टोचतो.

शेजारच्या रंगाने रंग बदलतो हे नुसतं वाटणं नाहीये बरं. मिशेल यूजेन शेव्हरल हे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ पॅरिसच्या गोबेलॅं या चित्रपडदे (टॅपेस्ट्री) विणणाऱ्या कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख होते, तिथे तक्रार आली की काळं सूत फिकं पडतंय. त्यांनी तपासलं तर सुताच्या रंगात दोष नव्हता, त्याच्या शेजारी विणलेल्या निळ्या-जांभळ्यामुळे काळा निस्तेज दिसत होता. १८३९ मध्ये त्यांनी यावर सविस्तर ग्रंथ काढला. आपल्या कामाचा भाग असा की प्रत्येक रंग शेजाऱ्याला आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतो. वाइन स्वेटरवर केशरी स्कार्फ घातला तर स्वेटर जास्त जांभळा दिसेल, तोच निळ्या डेनिमवर घातला तर जास्त लालसर, उबदार दिसेल. म्हणजे एकच स्वेटर दोन रंगांचं काम करतो, फक्त शेजारी बदला.

काही जोड्या ज्या सहसा दगा देत नाहीत:

वाइन आणि नेव्ही, वर कॅमल कोट. ऑफिसला, बाहेर, कुठेही. यात बाई-पुरुष असा भेद नाही, पुरुषांनी नेव्ही पँट, वाइन निटवेअर आणि तपकिरी स्वेडचे बूट घातले तर आणखी काही करायची गरज नसते.

मोरपंखी आणि चॉकलेट ब्राऊन. माझी सगळ्यात आवडती. दोन्ही खोल आहेत पण एक थंड आणि एक उबदार, त्यामुळे जड वाटत नाही.

बॉटल ग्रीन आणि रस्ट, मधे क्रीम हवाच. क्रीम नसेल तर दोघं भांडतात.

मस्टर्ड आणि चारकोल सोपी, मस्टर्ड आणि गडद जांभळा धाडसी. पिवळा आणि जांभळा रंगचक्रात समोरासमोर येतात, म्हणून यात जांभळा जवळजवळ काळोखा असू द्या आणि मस्टर्ड थोडकाच.

पाचू हिरवा आणि नेव्ही, दोघं शेजारचे रंग आहेत, शांत दिसतात, फोटोत जरा सपाट येतात पण समोर छान.

मरून आणि फिका गुलाबी, म्हणजे एकाच रंगाचं काळोखं आणि उजळ रूप. हीच कल्पना तपकिरी-कॅमल, नेव्ही-आकाशी, ऑलिव्ह-सेज अशी कुठेही नेता येते.

लाल आणि हिरवा एकत्र घालायचाच असेल तर एक जवळपास काळ्यापर्यंत गडद आणि दुसरा मळकट घ्या, दोन्ही ताजे तेजदार घेतले तर सजावट केल्यासारखं दिसतं.

आणि डोक्यापासून पायापर्यंत एकच रंग? जरूर. पण मग पोत बदलले पाहिजेत, लोकरी स्वेटर, सॅटिन स्कर्ट, स्वेडचे बूट, सगळे वाइन. तिन्हींच्या छटा तंतोतंत जुळवायच्या भानगडीत पडू नका, थोड्या वेगळ्याच बऱ्या, तंतोतंत जुळलेलं युनिफॉर्म वाटतं.

पायरी ६: थर लावायचे

ऑटमचं हवामान म्हणजे सकाळी गारठा, दुपारी घाम, संध्याकाळी परत गारठा, त्यामुळे कपड्यांचे थर लागतातच, आणि गर्द रंगांसाठी ती चांगलीच संधी आहे. पण एक लक्षात ठेवा, दुपारी वरचा थर निघणार, तेव्हा आतला पोशाख स्वतःच्या पायावर उभा राहिला पाहिजे. सगळा रंग कोटातच असेल आणि आत काहीतरी जुनंपुराणं, तर दुपारी बारा वाजता तुमचा ऑटम संपला.

कोट एकच असेल तर तो शांत रंगाचा घ्या, कॅमल, नेव्ही, चारकोल. रस्ट किंवा पाचूचा कोट दिसतो भारी पण तो रोज अंगावर असणार आणि आतल्या प्रत्येक कपड्याला त्याच्याशी जुळवून घ्यावं लागणार. दुसरा कोट घ्यायची वेळ आली की मग खुशाल रंगीत.

जाड थरांत अंग भरलेलं दिसतं अशी काळजी असेल तर आतला टॉप आणि पँट एकाच गडद रंगात घ्या आणि वर वेगळ्या रंगाचं जॅकेट उघडं ठेवा, मधे उभी गडद पट्टी तयार होते आणि उंची जास्त वाटते. स्कर्टखाली रंगीत टाइट्स घालायच्या तर ६० डेनियर किंवा त्याहून जाड, पातळ टाइट्समधून त्वचा दिसते आणि वाइनचा रंग जखमेसारखा दिसायला लागतो. टाइट्सचा रंग बुटाशी जुळवला की पाय लांब दिसतात.

नवीन रंग आजमावायचा तर स्कार्फने सुरुवात करा, तो चेहऱ्याजवळ असतो, काढून बॅगेत टाकता येतो. प्रिंट घ्यायचं असेल तर ज्यात तुमच्याकडचे दोन गर्द रंग आधीच आहेत असं बघा, मग तो स्कार्फ किंवा शर्ट बाकीच्या कपड्यांना आपोआप जोडून घेतो. चेक्स याला सगळ्यात सोपे.

दागिने आणि बॅगेबद्दल फार डोकं लावायची गरज नाही. रस्ट, ऑलिव्ह, मस्टर्डवर सोनेरी, जांभळा आणि निळ्यावर चंदेरी असं म्हणतात, पण दोन्ही दोन्हींवर चालतं. बुटांचं मात्र खरं सांगते, काळ्या बुटांऐवजी एक जोडी टॅन किंवा वाइन लेदरची असली की वर सांगितलेल्या जवळपास सगळ्या जोड्यांवर ती चालून जाते.

पायरी ७: संध्याकाळचा हिशोब

ऑटममध्ये दिवस लहान होत जातो, उत्तर गोलार्धात २२-२३ सप्टेंबरनंतर रात्र दिवसापेक्षा मोठी व्हायला लागते, दक्षिणेत हेच मार्चमध्ये, त्यामुळे तुमचा पोशाख रोज थोडा जास्त वेळ कमी उजेडात दिसणार. आणि कमी उजेडात डोळा रंग वेगळे बघतो. जान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाच्या हे १८१९ मध्ये लक्षात आलं होतं की दिवसा ठसठशीत दिसणारी लाल फुलं झुंजुमुंजू उजेडात काळी पडतात आणि निळं-हिरवं त्या मानाने उजळ राहतं. अंधुक उजेडात डोळ्यातल्या वेगळ्या पेशी कामाला लागतात, त्यांना लाल जवळजवळ दिसत नाही.

याचा थेट उपयोग असा की संध्याकाळी बाहेर, मोकळ्यावर जायचं असेल तर मरून आणि वाइन काळे दिसणार हे धरूनच चला, तिथे मोरपंखी, पाचू, रॉयल ब्लू टिकतात. उलट पिवळसर दिव्यांच्या खोलीत बसायचं असेल तर वाइन, रस्ट, मस्टर्ड उजळून निघतात आणि नेव्ही, जांभळा विझतात. म्हणजे कुठे जाणार आहात, उजेड कसला असणार, हे आधी, मग कपडे.

वेगवेगळ्या ठिकाणी घेतलेला टॉप आणि पँट दुकानात एकदम जुळले आणि बाहेर आल्यावर वेगळे दिसले, असंही होतं. दोन कापडं वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवली असतील तर एका उजेडात सारखी आणि दुसऱ्यात वेगळी दिसू शकतात. म्हणून जोडी हवी असेल तर एकाच वेळी, एकाच लॉटमधून घ्या, किंवा मुद्दाम छटा वेगळीच ठेवा.

पायरी ८: घेताना

कपडा घेऊन दाराजवळ किंवा खिडकीजवळ जा, दिवसाच्या उजेडात बघा. मग एक पांढरा रुमाल थोडा ओला करून आतल्या शिवणीवर दहा-बारा वेळा घासा. कोरड्या घासण्यात टिकणारे गडद रंग ओल्यात उतरू शकतात, आणि जो रंग रुमालावर ढळढळीत आला तो तुमच्या फिकट बॅगेवर, सोफ्यावर, कारच्या सीटवरही येणार. थोडीशी झाक आली तर ठीक, पहिल्या दोन धुण्यांत वरचा सुटा रंग निघून जातो. ऑनलाइन घेताना छटेच्या नावावर जाऊ नका, एकाचा वाइन दुसऱ्याचा मरून असतो, घेणाऱ्यांनी घरी काढलेले फोटो बघा, त्यातही खिडकीतला एखादा असेल तर तोच धरा.

पायरी ९: रंग टिकवायचा

नवीन गर्द कपडा पहिली दोन-तीन वेळा वेगळाच धुवायचा. उलटा करून, गार पाण्यात, फार तर ३० डिग्री, आणि मशीन कमी वेळाच्या सायकलवर. रंग उडतो त्यात घासण्याचा वाटा मोठा असतो, म्हणून मशीन खच्चून भरू नका आणि झिप असलेले कपडे बरोबर टाकू नका. बऱ्याच पावडरींमध्ये पांढरे कपडे चमकवणारी द्रव्यं असतात, त्यांनी गडद रंग धुरकट दिसायला लागतो, तेव्हा रंगीत कपड्यांसाठीचं लिक्विड घ्या.

मिठाच्या किंवा व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून रंग पक्का होतो हे ऐकून ऐकून कंटाळा आला. सुती कापड रंगवताना मीठ लागतं हे खरं, ते रंगाला पाण्यातून धाग्याकडे ढकलतं, पण तयार कपड्यावर नंतर मीठ टाकून काही होत नाही. सुटा रंग आहे तो जाईपर्यंत वेगळं धुणं हाच उपाय.

वाळवायचं सावलीत, उलटं करून, आणि कपडा दोरीवर दिवसभर विसरू नका. मखमलीला इस्त्री टेकवायची नाही, लव दबून तिथे कायमचा चमकदार डाग पडतो, हँगरला लावून वाफ द्या आणि लव मऊ ब्रशने उभी करा, घडीही घालू नका. लोकरीचं दर वेळी धुवायची गरज नसते, वाऱ्यावर टाकलं की बऱ्याचदा भागतं आणि रंगही वाचतो. पण सीझन संपल्यावर ठेवून देताना मात्र आठवणीने धुवा, कारण कसरीच्या अळ्यांना घामाची आणि सांडलेल्याची लोकर सगळ्यात आधी लागते, आणि गडद स्वेटरला पडलेलं भोक आतल्या फिकट शर्टामुळे लांबूनच दिसतं.